पाणी उतरताना

मातीची भिंत दोन रात्री पुराच्या पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, लख्ख ऊन पडलेल्या दुपारी, अचानक बसते. आपल्या गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत हे पुन्हा पुन्हा घडतं. २३ जुलै २०२१ ला सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, पेडणे अशा इतक्या तालुक्यांत एकाच वेळी पूर आला. १९८२ नंतरचा हा सगळ्यात वाईट पूर, असं मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं होतं. चढत्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण घर, विहीर, रस्ता, बांध आणि भाताचा चूड या सगळ्यांवर खरा ताण येतो तो पाणी उतरताना. म्हणून हे उतरत्या पाण्याबद्दल.

आधी भिंतीचं. घरात आणि बाहेर पाणी एकाच पातळीला असतं तेव्हा भिंतीला दोन्हीकडून सारखा रेटा असतो, ती तोललेली राहते. बाहेरचं पाणी ओहोळाने भराभर निघून गेलं आणि दारं बंद असल्यामुळे आत मीटरभर पाणी अडलं, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण ५०० किलोचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो. अर्धा मीटर पाणी असेल तर तो १२५ किलोवर येतो. उंची निम्मी झाली की जोर चौथाई होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोरडी भिंत एवढं सोसेलही, पण तिचा पाया तेव्हा लोण्यासारखा मऊ झालेला असतो. तेव्हा पाणी उतरायला लागलं की पुढचं-मागचं दार आणि न्हाणीची मोरी उघडी करा, आतबाहेर पातळी एकच राहू द्या. पंप लावून घर घाईने रिकामं करायला जाऊ नका.

आत पाऊल टाकण्याआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. ओळंबा धरून पाहा. भिंतीचं पोट बाहेर आलेलं दिसलं किंवा कोपऱ्याला रुंद होत जाणारी उभी भेग दिसली, तर त्या खोलीत झोपायचं नाही. भेग जुनी की नवी हे कळत नसेल तर तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवा आणि वर तारीख-वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी पट्टी फाटली असेल तर भिंत अजून सरकते आहे. अशा भिंतीला बाहेरून पोफळीच्या खोडाचे टेकू द्या. टेकूचं खालचं टोक नुसतं चिखलात रोवलं तर तो भिंतीआधी सरकेल, म्हणून त्याच्या बुडाशी फळी आणि मागे खुंटी हवी. गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की कुदळ लागते आणि कुदळीचे हादरे भिंतीला नकोत. काढलेला गाळ भिंतीच्या बुडाशी ढीग करून ठेवू नका, त्यातली ओल आत मुरत राहते. चिऱ्याची भिंत असली तरी जुन्या बांधकामात सांधे मातीचेच असतात, तेव्हा चिरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सिमेंटचा गिलावा दिवाळीपर्यंत तरी नको, ओल आत कोंडली की बुंधा कुजत जातो.

साफसफाईला हात लावण्याआधी फोटो. पाण्याची खूण भिंतीवर असते, तिच्याशेजारी टेप किंवा उभी काठी धरून काढा, कोठारातलं भिजलेलं भात, कपाटं, फ्रीज, सगळं. तलाठी येईपर्यंत घर आवरून ठेवलेलं असेल तर पंचनाम्यात लिहिण्यासारखं थोडंच उरतं. मीटरपर्यंत पाणी आलं असेल तर मेन स्विच बंदच ठेवायचा, लाईनमनने बघितल्याशिवाय लावायचा नाही.

पाणी कधी उतरेल, हे आपल्याकडे पावसाइतकंच भरतीवर अवलंबून असतं. मांडवीची भरती थेट आत गांजे गावापर्यंत पोचते. दोन भरत्यांत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास ते तासभर उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत जोरात असतं. अशा वेळी डोंगरातून आलेलं पाणी खाली सरकत नाही, आणि सुकती (ओहोटी) लागली की तेच पाणी एकदम ओढलं जातं. पणजीची भरतीची वेळ वर्तमानपत्रात मिळते, पण आत ती उशिरा पोचते. आपल्या घाटावर नेमका किती उशीर होतो, ते पावसाळ्याआधी एक खुंटी मारून बघून ठेवा. पेडण्यातल्या, शापोरा काठच्या लोकांना आणखी एक घड्याळ सांभाळावं लागतं, ते दोडामार्गकडच्या तिळारी धरणाच्या विसर्गाचं. पाऊस थांबला तरी ते पाणी मागाहून येतं.

विहिरीची चूक सर्वांत जास्त होते, कारण ती स्वच्छतेच्या चांगल्या हेतूने होते. पुराचं गढूळ पाणी विहिरीत शिरलं की लोक दोन पंप लावून ती तळापर्यंत उपसतात. भोवतीची जमीन त्या वेळी पाण्याने गच्च भरलेली असते. आतला आधार गेला की ती माती चिऱ्यांचं कडं आत ढकलते आणि विहीर ढासळते. आठ-दहा दिवस थांबा, भोवतालचं पाणी खाली जाऊ द्या, मग टप्प्याटप्प्याने उपसा. तोवर पिण्याचं पाणी टँकरचं किंवा नळाचं, तेही उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर उकळून.

ब्लीचिंग पावडरचा हिशोब असा. विहिरीचा व्यास दोन मीटर आणि आत पाणी चार मीटर असेल, तर ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली भागिले चार, म्हणजे सुमारे १२.५ घनमीटर, अर्थात साडेबारा हजार लिटर. पुरानंतरच्या पहिल्या जोरदार मात्रेला हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी पावडर लागते. पोतं फुटून महिने झाले असतील तर २०० ग्रॅम धरा, कारण ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो आणि तो हवेत उडून जातो. या विहिरीला तेव्हा दोन ते अडीच किलो. पावडर कोरडीच आत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाणी वाढवा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं निवळलेलं पाणीच विहिरीत सोडा. एका बादलीत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे वीस-पंचवीस बादल्या होतील, त्याला इलाज नाही. तळाचा चुना टाकून द्या. दोर बांधलेली बादली खाली-वर करून पाणी ढवळा, रात्रभर ठेवा, ते पाणी उपसून टाका. वास जाईपर्यंत प्यायचं नाही. नंतरची रोजची मात्रा हजार लिटरला फक्त अडीच ग्रॅम, आणि तासाभराने पाणी भरायचं. गाळात उतरणाऱ्याच्या पायाला जखम असेल तर गमबूट हवेतच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत वेदना आल्या तर आरोग्य केंद्रात जाऊन ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आधी सांगा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) लवकर कळला तर बरा होतो.

रस्त्यांचं थोडक्यात. सत्तरीतला पायकूलचा पूल २०२१ च्या त्याच पुरात गेला, पण दरवर्षी धोका असतो तो छोट्या मोऱ्या आणि पुलाजवळच्या भरावाचा. भराव पाणी पिऊन जड होतो, नदी झपाट्याने खाली जाते, आतलं पाणी बाहेर पडताना माती घेऊन जातं आणि वर डांबराची नुसती पापडी उरते. वरून रस्ता धड दिसतो. लोखंडी पहार आपटून चाला, पोकळ आवाज आला की तिथं दगड आणि लाल फडकं. टिपर आणि सिमेंटच्या गाड्यांना चार-पाच दिवस तरी त्या भरावावर सोडू नका. मोरीच्या वरच्या तोंडाशी अडकलेली झाडं, चुडतं (नारळाची झापं) आधी काढा, नाहीतर पुढच्या सरीला पाणी रस्त्यावरूनच जाईल. आणि वाहतं पाणी फूटभर जरी असलं तरी लहान गाडी उचलली जाते, हे घरातल्या तरुण मुलांना दरवर्षी सांगावं लागतं.

आता शेत. सरद (खरीप) भाताची लावणी नुकतीच झालेली असते तेव्हाच जुलैचा पूर येतो. भात पाण्याखाली गेलं की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. मध्य थायलंडच्या सखल मैदानात पाण्याबरोबर उंच होणारं भात लावतात, ते दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतं. तिथं २०११ सारख्या पुरात पाणी महिनोन्‌महिने हटलं नाही, तेव्हा उंच होण्यात अर्थ आहे. आपलं पाणी दोन-चार दिवसांचं. आपले ज्योती आणि जया हे भाताचे वाण पाण्याखाली तसेच ताणत वाढायला जातात, साठवलेली साखर संपवतात आणि पाणी गेलं की लांबुडके होऊन आडवे पडतात. दुसरी वाट ओडिशातल्या एका जुन्या वाणातून आलेल्या सब-१ जनुकाची. ते रोप वाढ थांबवून गप्प बसतं आणि दोन आठवड्यांपर्यंत बुडून पुन्हा उठतं. ‘स्वर्णा सब-१’ भारतात २००९ मध्ये आली. तिची मुदत साधारण १४० दिवसांची, ज्योतीपेक्षा तीनेक आठवडे जास्त, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत ओल टिकणाऱ्या सखल कोपऱ्यातच ती लावावी.

ज्योती बुडाली असेल तर पाणी एकदम सोडू नका. बांधाचं तोंड चार-चार बोटं खाली करत दोन दिवसांत उतरवा आणि शेवटी दोन-तीन बोटं पाणी शेतात राहू द्या. दोन-चार दिवसांनंतर अंधारातून बाहेर आलेलं पान कडक उन्हात करपतं, कारण मुळं अजून पाणी ओढत नसतात. शिवाय मऊ ताटं पाण्याच्या आधाराशिवाय लोळतात. पानांवर गाळाचा थर बसला असेल तर पाणी उडवून धुवा, त्याशिवाय पान श्वास घेत नाही. याच वेळी लोक युरिया टाकतात, आणि तो पूर्ण वाया जातो. रोप तो घेऊ शकत नाही, वर कडा करपा मात्र हमखास येतो.

पाचव्या ते सातव्या दिवशी शेतात उतरा. वेगवेगळ्या जागची दहा रोपं उपटा, बुडाशी ताट अंगठ्याच्या नखाने उभं चिरा. आतला कोंब पांढरा आणि टणक असेल तर रोप जिवंत आहे, वरची सगळी पानं पिवळी असली तरी. तपकिरी, बुळबुळीत, वास येणारा असेल तर गेलं. दहांत सात जिवंत असतील तर शेत सोडू नका. पाच-सहा असतील तर भरदार चुडातले फुटवे वेगळे करून रिकाम्या जागी लावा. त्याखाली असेल तर नवं रोप. नवं पान दिसल्यावरच खत द्या. हेक्टरी २० किलो नत्र, म्हणजे ४३ किलो युरिया, आपल्या मापात हजार चौरस मीटरला सव्वाचार किलो. त्यापेक्षा जास्त नको.

नव्या रोपासाठी शेतात जागा नसते, अंगणात असते. प्लास्टिकवर चार सेंटिमीटर माती-शेणखताची गादी करा, हजार चौरस मीटर शेताला दहा चौरस मीटर पुरते, अडीच किलो बियाणं. चोवीस तास भिजवून, गोणपाटात एक-दीड दिवस मोड आणून पेरा. पंधरा-अठरा दिवसांत रोप लावणीला येतं. म्हणून लावणी झाली तरी पाच-दहा किलो बियाणं ऑगस्ट लागेपर्यंत कणगीत राहू द्या. नुकसानीचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात द्यायचा, कृषी कार्ड आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा सोबत. पाहणी होण्याआधी शेत नांगरू नका.

खाजन शेतात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, हिशोब उलटा. आत पुराचं पाणी, बाहेर सुकती, त्यामुळे बांध नदीच्या बाजूला ढकलला जातो आणि खेकड्यांच्या बिळांतून पाझर फुटतो. गढूळ पाझर दिसला की रात्रीची वाट बघू नका, तीच फुटण्याची जागा. सुकतीला मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) सगळ्या फळ्या मोकळ्या करा, ओंडके काढा, पण पाणी लवकर जावं म्हणून बांध कापू नका. मानस लिलावाने मासेमारीला दिलेली असेल तर या पंधरवड्यात तिची चावी शेतकऱ्यांकडे हवी, मासळीसाठी भरतीचं पाणी आत घेणं शेताला परवडत नाही.

बांध फुटलाच तर काम अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (सर्वांत कमी उंचीच्या) भरतीला धरा. आधी फुटलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना खुंट्या आणि चिरे लावून ती खचायची थांबवा, मग सुकतीत मध्ये पोफळीच्या खुंट्यांच्या दोन रांगा, आत गवत आणि चुडतं, वर खाडीचा काळा चिकण चिखल वीत-वीत थराने तुडवून. तांबडी माती विरघळून जाते, ती वापरू नका. चिखल दबतो, म्हणून भरतीच्या खुणेपेक्षा हातभर उंच.

खारं पाणी आलेलं शेत पावसानेच धुवावं लागतं. मानस बंद करून वीतभर पावसाचं पाणी दोन-तीन दिवस तुंबवा, सुकतीला सोडा, पुन्हा तुंबवा. मातीची क्षारता मीटरला ३ डेसिसायमनच्या वर असेल तर ज्योतीचं उत्पन्न घटायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतरही आकडा खाली येत नसेल, तर त्या तुकड्यात ज्योतीचं रोप वाया घालवू नका, खारं पाणी सोसणारं आपलं जुनं कोरगुट भात लावा.