आकाश निरभ्र, विमान रद्द: इथिओपियाच्या राखेमुळे अडलेला मुंबई–अबू धाबी प्रवास

24 नोव्हेंबर 2025, सोमवार. आई आणि मी अबू धाबीला धाकट्या बहिणीकडे निघालो होतो. सामान दिलं, इमिग्रेशन झालं, गेटसमोर जागा मिळाली आणि मग बोर्डावर आमच्या विमानासमोर आधी ‘विलंब’ आणि तासाभराने ‘रद्द’ असं झळकलं. कारण होतं हजारो किलोमीटरवरचं. इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी आदल्या दिवशी, रविवारी सकाळी फुटला होता. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत त्याच्या उद्रेकाची नोंदच नव्हती. राख सुमारे 14 किलोमीटर उंच गेली आणि वाऱ्यावर स्वार होऊन तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडत आपल्याकडे सरकली.

आखातात ज्यांचं जाणंयेणं असतं त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेटवर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: बाहेर तर आकाश स्वच्छ आहे, मग अडचण काय? आमच्या शेजारी चिपळूणहून आलेले एक काका होते. कोकण रेल्वेने पहाटे ठाण्याला उतरून थेट विमानतळावर आलेले. मंगळवारी कामावर हजर व्हायचं होतं. ते मला म्हणाले, “ताई, पाऊस नाही, धुकं नाही. हे लोक आपल्याला फसवतायत का?” तिकडे दोघेजण काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवून बोलत होते. ती बिचारी पंचविशीतली असेल. तिच्या हातात काहीही नव्हतं आणि तरी ती एकेकाला शांतपणे उत्तर देत होती.

मुंबईचं आकाश कसं आहे याचा इथे संबंधच नव्हता. ती राख जमिनीपासून साधारण 8 ते 14 किलोमीटर उंचीवर होती, म्हणजे बरोबर ज्या पट्ट्यात प्रवासी विमानं उडतात तिथेच. खालून ती दिसत नाही. व्हॉट्सॲपवर त्या रात्री ‘मुंबईत राखेचा पाऊस पडणार, मास्क लावा’ असे निरोप फिरत होते, त्यांत तथ्य नव्हतं. आपल्याकडे नोव्हेंबरात जे धुरकट दिसतं ती आपलीच धूळ. ढग अरबी समुद्रावरून गुजरात, राजस्थान करत दिल्लीकडे गेला आणि मंगळवारी रात्री चीनच्या दिशेने निघून गेला. पण मुंबईहून आखातात जायचे रस्ते त्याच अरबी समुद्रावरून जातात.

आता ही राख विमानाचं काय करते ते सांगते, कारण हे कळलं की चिडायचं कारण उरत नाही. चुलीतली राख मऊ असते, फुंकरीने उडते. ज्वालामुखीची राख म्हणजे दगडाचा आणि काचेचा धारदार चुरा. ती साधारण 1100 अंश सेल्सिअसला वितळते आणि जेट इंजिनाच्या आतलं तापमान त्याहून बरंच जास्त असतं. राख आत ओढली गेली की वितळते, पुढे टर्बाइनच्या पात्यांवर काचेचा थर होऊन बसते, हवेची वाट अडते आणि इंजिन बंद पडतं. शिवाय समोरची काच घासली जाऊन धूसर होते आणि वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबू शकतात. सगळ्यात वाईट म्हणजे विमानातलं हवामानाचं रडार पावसाचे थेंब बघतं, ही कोरडी बारीक राख त्याला दिसत नाही. रात्री तर वैमानिकाला पत्ताच लागत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. 1982 च्या जूनमध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट लंडनहून ऑकलंडला निघालं होतं. वाटेत ते आपल्या मुंबईला आणि मग मद्रासला थांबून क्वालालंपूरला गेलं. तिथून पर्थकडे जाताना रात्री जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. रडारवर काही नाही. काचेवर विजेचे निळसर झगमगाट, केबिनमध्ये गंधकासारखा धूर, आणि मग एकामागोमाग चारही इंजिनं बंद. प्रवासी आणि कर्मचारी मिळून 263 जण होते. 37 हजार फुटांवरून विमान तरंगत सुमारे 13 हजार फुटांपर्यंत खाली आलं, तेव्हा राखेबाहेरच्या स्वच्छ हवेत इंजिनं पुन्हा सुरू झाली. थंड झालेल्या पात्यांवरचा काचेचा थर तडकून निघाला होता. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समोरच्या काचेतून जवळजवळ काही दिसत नसताना ते जाकार्ताला उतरवलं. सगळे वाचले. 1989 च्या डिसेंबरात अलास्कात केएलएमच्या जंबोची चारही इंजिनं अशीच बंद पडली होती, तेही सुखरूप उतरलं. दोन्ही वेळा नशीब आणि कौशल्य दोन्ही लागलं. अशा अनुभवांनंतर जगभरात राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं उभी राहिली. यावेळी आपल्याकडच्या ढगाच्या सूचना फ्रान्सच्या टूलूझ केंद्रातून येत होत्या आणि आपल्याकडच्या विमानवाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने सोमवारीच सगळ्या कंपन्यांना राखेचा पट्टा टाळा, मार्ग आणि इंधन नव्याने ठरवा, असं बजावलं होतं.

हे मी काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मग नको जाऊदे. पण साहेबाला काय सांगू?”

त्यावर उपाय आहे. विमान रद्द झाल्याचं आणि कारणाचं लेखी पत्र किंवा ईमेल कंपनीच्या काउंटरवर लगेच मागून घ्यायचं. काकांनी ते घेतलं आणि तिथूनच आपल्या मॅनेजरला पाठवलं. हेच पत्र पुढे प्रवास विम्यालाही लागतं. घरी गेल्यावर ते मिळवणं फार जिकिरीचं होतं.

आता परत बाहेर पडण्याबद्दल, कारण हे कुणी आधी सांगत नाही. इमिग्रेशन झाल्यावर विमान रद्द झालं तर आपापलं उठून निघता येत नाही. कंपनीची माणसं सगळ्यांना गटाने परत इमिग्रेशनला नेतात, तिथे पासपोर्टवरचा निर्गमनाचा शिक्का रद्द केला जातो. तो खरंच रद्द झालाय ना, पान उघडून स्वतः बघा. ड्यूटी फ्रीमधून काही घेतलं असेल तर ते परत करावं लागतं, बिल जपून ठेवा. मग खाली आगमनाच्या पट्ट्यावर सामान येतं. आम्हाला तिथे बराच वेळ लागला आणि आईची रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ तोपर्यंत होऊन गेली होती. गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या म्हणून निभावलं. औषधं, चार्जर, एक जोड कपडे आणि सुका खाऊ कायम हातातल्या सामानात, हा नियमच करा. (खाऊवरून आठवलं: अमिरातीत खसखस चालत नाही, तेव्हा अनारसे घरीच ठेवा.)

येताना आम्ही गिरगावातून मेट्रो तीनने थेट टी-टूला आलो होतो, बॅगा आटोपशीर असतील तर उत्तम सोय. पण उशिरा रात्री मेट्रो नसते आणि अशा वेळी टॅक्सीचे दर भडकतात. जवळ कुणी नातेवाईक असतील तर आधीच कल्पना देऊन ठेवा. आम्ही पार्ल्याला मावशीकडे गेलो.

पैशाचं थोडं नीट समजून घ्या. ज्वालामुखी ही नैसर्गिक आपत्ती, त्यामुळे विमान रद्द झाल्याची वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, त्यावरून भांडू नका. पण दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यांतलं एक मिळण्याचा हक्क शाबूत राहतो आणि निवड आपली असते. आम्हाला आधी ‘क्रेडिटमध्ये ठेवू का?’ असं विचारलं गेलं, म्हणजे पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा. ते घ्यायचं की नाही हेही आपणच ठरवायचं. परदेशी कंपनी असेल तर तिच्या देशाचे नियम लागू होतात, ते तिकिटावर वाचा. दाद मिळाली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

बातमी आली की घाबरून स्वतःहून तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर नेहमीचे पैसे कापले जातात. कंपनीने रद्द केलं किंवा सवलत जाहीर केली की कापले जात नाहीत. विमा मात्र प्रवास ठरताच काढा. उद्रेकाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात तो उद्रेक सहसा धरत नाहीत. आणि तिकीट एजंटकडून काढलं असेल तर त्यावर मोबाइल नंबर कुणाचा आहे ते तपासा. आमच्या रांगेतल्या एका कुटुंबाला रद्द झाल्याचा निरोप गेला होता, पण एजंटच्या फोनवर. ते नालासोपाऱ्याहून तीन लहान मुलांना घेऊन आले होते.

निघण्याआधी तुमचं विमान कुठून येणार आहे तेही ॲपवर बघा. आमचं विमान आखातातूनच यायचं होतं आणि ते निघालंच नव्हतं. त्या दिवसांत काही देशांतर्गत फेऱ्याही रद्द झाल्या, कारण राखेच्या भागावरून आलेल्या विमानांची तपासणी चालली होती. म्हणजे तुम्ही नागपूरला चालला असाल तरी फटका बसू शकतो. दिल्लीमार्गे जाऊ, अहमदाबादमार्गे जाऊ, अशी धावपळ मात्र व्यर्थ. ढग तिकडेच चालला होता.

हा ढग लवकर सरला. दर वेळी तसं होत नाही. 2010 च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या उद्रेकाने युरोपचं बरंचसं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद होतं, सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. बालीला जाणाऱ्यांनी तर हे धरूनच चालावं. 2024 च्या नोव्हेंबरात इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीमुळे तिथली उड्डाणं कोलमडली होती. बालीच्या परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिस, किंवा वेगळ्या तिकिटावरचं पुढचं विमान, असं ठेवू नका. व्हिसा संपायच्या अगदी काठावरही परतीची तारीख नको, तिथे मुक्काम वाढला की रोजचा दंड 10 लाख इंडोनेशियन रुपिया आहे.

आम्ही परतावा न घेता दुसरं विमान मागितलं. काउंटरवर गर्दी होती म्हणून मी रांगेत उभं राहून एकीकडे ॲपवरही प्रयत्न करत होते, आणि ॲपवरच बुधवारच्या जागा आधी मिळाल्या. दोन्ही बाजूंनी प्रयत्न करा, आणि बदललेल्या तिकिटावर सामानाचं वजन पूर्वीइतकंच दाखवतंय ना, ते तेव्हाच बघून घ्या.