मे महिन्यातली जिंगल बेल

दुपारचे अडीच-तीन वाजलेले. पंखा गरम हवाच फिरवत होता. डोळा लागतो न लागतो तोच खाली पाण्याचा टँकर मागे यायला लागला आणि सुरू झालं, ‘जिंगल बेल, जिंगल बेल’. आमच्या टँकरवाल्याला ते वळण एका दमात काही जमत नाही. जरा पुढे घेतला की सूर तुटतो, पुन्हा मागे घेतला की पहिल्यापासून. मे महिन्याच्या उन्हात बर्फावरच्या गाडीचं गाणं, आणि त्यावर वॉचमनची साथ, ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’

मला एक खोड आहे. कुठलीही चाल कानावर पडली की ती कुणाची हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नात बँड वाजायला लागला की मी शेजारच्याला संगीतकार सांगायला लागतो. पंगतीत माझ्या शेजारी सहसा कुणी बसत नाही.

तर ही चाल जेम्स लॉर्ड पियरपॉन्टची. जन्म १८२२, बोस्टन. वडील रेव्हरंड जॉन पियरपॉन्ट, धर्मोपदेशक, कवी आणि भलतेच तत्त्वाचे. गुलामगिरीला विरोध, दारूला विरोध. ज्या चर्चमध्ये प्रवचन करायचे त्याचंच तळघर रमच्या व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, तरी हे वर उभे राहून दारूवर आसूड ओढणार. अखेर १८४५ मध्ये चर्च सोडावं लागलं. आणि चिरंजीव? ते चौदाव्या वर्षीच जहाजावर पळालेले. पुढे १८४९ मध्ये बायकामुलं मागे ठेवून सोन्याच्या नादाने कॅलिफोर्नियाला गेले, तिथे फोटोचा धंदा काढला, तो आगीत गेला. परत येऊन या फजितीवरही गाणं लिहिलं. बहिणीचा मुलगा म्हणजे पुढे जगाला ठाऊक झालेला सावकार जे. पी. मॉर्गन. मामाच्या खिशात मात्र कधी काही टिकलं नाही.

शेवटी तो अमेरिकेच्या दक्षिणेत सवाना गावी, थोरल्या भावाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागला. १८५७ साली बोस्टनहून हे गाणं छापून आलं. तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या गायकांच्या खेळात ते आधी गायलं गेलं. गाण्यात नाताळाचं नावसुद्धा नाही. पोरगा पोरीला घेऊन बर्फात भरधाव निघतो आणि गाडी उलटते, एवढीच गोष्ट. गाणं आमच्याच गावात रचलं म्हणून दोन गावं भांडतात. बोस्टनजवळच्या मेडफर्डने तर एका जुन्या गुत्त्याच्या जागी तशी पाटीच लावली आहे. रेव्हरंडांनी ती वाचली असती तर!

पण घुंगरं कशाला, हे मला आवडलं. बर्फावरून घसरणाऱ्या गाडीचा आवाजच होत नाही. वाटेतल्या माणसाला कळावं म्हणून घोड्याला घुंगरं. म्हणजे आमचा टँकर मूळ कामच इमानेइतबारे करतोय की.

आजोळी एसटी रात्री उशिरा पोचायची. फाट्यापासून बैलगाडी. आजी ओट्यावर बसून कान लावायची. ‘हे आपले नव्हेत, पाटलांचे आहेत,’ असं म्हणून पुन्हा तांदूळ निवडायला लागायची. आपल्या बैलांची घुंगुरमाळ ओढ्यापलीकडे वाजली की मग ती चुलीवर आधण ठेवी. गाडी दारात येईपर्यंत पाणी खळखळ उकळत असे. मामाने पुढे ट्रॅक्टर घेतला. माळा कुठल्याशा खुंटीला होत्या, नंतर दिसल्या नाहीत.

कुठे होतो? सवाना. गुलामगिरीविरोधी मतांमुळे भावाला तिथे राहणं अवघड झालं. चर्च बंद पडलं, भाऊ उत्तरेला परतला. जेम्स राहिला. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं तेव्हा गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या घोडदळात तो कारकून झाला आणि तिच्यासाठी त्याने त्वेषाची रणगीतं लिहिली. त्याच वेळी वयाच्या शहात्तराव्या वर्षी वडील उत्तरेच्या पलटणीत धर्मोपदेशक म्हणून दाखल झाले होते. घरात यावर काय बोलणं झालं असेल, झालं तरी असेल का, कोण जाणे. १८९३ मध्ये फ्लोरिडात जेम्स वारला. पुरलं सवानालाच.

बाप बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यांचं ‘एअर्स ऑफ पॅलेस्टाइन’ हे काव्य १८१६ साली चांगलं गाजलं होतं. त्यातली एक ओळ मला येत नाही. पोराचं गाणं अक्षरओळख व्हायच्या आधीपासून तोंडपाठ आहे. आता याला काय करायचं?