प्लास्टरच्या डोक्यापासून फ्रासिक्लेयापर्यंत: ग्रीक-रोमन कला शिकतानाचा माझा अनुभव

आर्ट कॉलेजात आम्हाला अँटिक नावाचा विषय होता. ज्यांनी ड्रॉइंगचं शिक्षण घेतलंय त्यांना सांगायला नको, खिडकीजवळ स्टूलवर प्लास्टरचं पांढरं डोकं ठेवायचं, एका बाजूनं उजेड, आणि तीन-तीन तास बसून चारकोलनं शेडिंग करायचं. मी ते मनापासून केलं. त्या कुरळ्या केसांच्या डोक्याच्या नाकाचा टवका उडालेला होता, तो टवका मला आजही डोळे मिटून काढता येईल. पण ते डोकं कुणाचं, मूळ पुतळा कुठं उभा होता, त्याच्यासमोर येऊन लोक काय करायचे, हे कुणी सांगितलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही. पुढं शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले तेव्हा मीही मुलांना सांगायचे की ग्रीक कला म्हणजे सौंदर्याचा आदर्श. मला जे वाक्य मिळालं होतं तेच मी पुढं दिलं.

नंतर मिस्टरांच्या नोकरीमुळं आम्ही इंग्लंडला आलो, मुलगी शाळेत रमली, आणि मी ३९ व्या वर्षी इथल्या एका युनिव्हर्सिटीत पार्टटाइम मास्टर्सला ॲडमिशन घेतली. विषय प्राचीन ग्रीक आणि रोमन कलेचा इतिहास, तोही त्या काळच्या समाजाच्या, धर्माच्या संदर्भात. ॲडमिशन, फी वगैरेचं सांगत बसत नाही, ती माहिती कुठंही मिळते. अभ्यास कसा झाला ते सांगते, कारण हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझं पहिलं वर्ष एवढं जड गेलं नसतं.

पहिली असाइनमेंट होती कुठल्याही एका वस्तूवर १५०० शब्द लिहायचे. मी डिपिलॉनचा (अथेन्समधल्या जुन्या दफनभूमीतला) मोठा अँफोरा, म्हणजे दोन कानांचा उंच रांजण, घेतला, अथेन्सच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे तो, साधारण इ.स.पू. ७५० चा, उंची १.५५ मीटर, म्हणजे मातीचं भांडं जवळजवळ माझ्याएवढं. मी लिहिलं की नक्षीचे पट्टे कसे आहेत, मिअँडरची, म्हणजे काटकोनात वळत जाणाऱ्या रेघेची, नक्षी कुठं रुंद होते कुठं बारीक होते, माणसांच्या छातीचे त्रिकोण कसे, सिमेट्री कशी, रिदम कसा. ५४ मार्क पडले (इकडं मास्टर्सला पासिंग ५० असतं) आणि शेवटी आमच्या ट्यूटर बाईंनी एकच ओळ लिहिली होती, वर्णन सुंदर आहे, पण गेलंय कोण?

दोन दिवस मी नाराज होते. मग तोच फोटो मोठा करून परत बघितला. दोन हँडलच्या मधल्या पट्ट्यात बाजेवर एका बाईला निजवलंय, वर चौकड्यांचं कापड उचलून धरलंय, बाजेजवळ एक लहान मूल आहे, आणि दोन्ही बाजूला माणसं उभी आहेत दोन्ही हात डोक्यावर घेऊन. डोक्यावर हात मारून घेत रडणाऱ्या बायका मी बघितल्यात, आमची आज्जी गेली तेव्हा गावच्या घराच्या सोप्यात बघितल्यात, आणि त्याच हातांना मी पेपरात रिदमिक त्रिकोण लिहून आले होते. ते भांडं थडग्यावर खूण म्हणून उभं केलेलं होतं. त्या काळात अथेन्समध्ये बाईच्या थडग्यावर अँफोरा आणि पुरुषाच्या थडग्यावर क्रेटर (रुंद तोंडाचं मोठं भांडं) अशी रीत दिसते, आणि यातल्या काही भांड्यांच्या बुडाला भोक असायचं, म्हणजे वरून ओतलेलं खाली मातीत, गेलेल्या माणसापर्यंत झिरपावं. हे कळल्यावर नक्षी दिसायची बंद होत नाही, उलट जास्त दिसते, पण ती कुणासाठी तरी काढलेली आहे हे आधी दिसतं.

तेव्हा मी एका कार्डावर पाच प्रश्न लिहिले आणि दोन वर्षं पर्समध्ये ठेवले. कशाचं बनलंय, कुठं सापडलं, मुळात कुठं होतं, पैसे कुणी दिले, त्याच्यासमोर काय घडायचं. स्टाइल, तारीख, कलाकार हे त्यानंतर. जे कुणी हा विषय घेणार आहेत त्यांनी हा क्रम धरावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुस्तकांमध्ये बऱ्याचदा क्रम उलटा असतो आणि आपण तारखा पाठ करण्यातच दमतो.

तारखा पाठ कराव्या लागतातच पण. दर पंधरा दिवसांनी स्लाइड टेस्ट असायची, स्क्रीनवर फोटो, दोन मिनिटं, काय आहे, कधीचं, कुठलं. बाकीची मुलं फ्लॅशकार्ड करायची, मी प्रत्येक वस्तू वहीत पेन्सिलनं काढायचे, पाच मिनिटांचं स्केच, बाजूला मापं. हाताला लक्षात राहतं ते डोक्याला विसरायला होत नाही. सोबत ग्रीक अक्षरं शिकले, भाषा नाही, नुसती अक्षरं, तीन आठवडे रात्री मुलगी झोपल्यावर गिरवायचे. त्याचा उपयोग कुठं झाला ते पुढं येतंच.

भांड्यांचं युनिट मला सगळ्यात आवडलं. आम्हाला एकदा खापराचे तुकडे हातात दिले होते, आतल्या बाजूला चाकावर फिरताना उमटलेल्या बोटांच्या रेघा तशाच. मला वाटायचं काळा रंग लावलाय, तर तो रंग नाहीच, तीच माती अगदी बारीक गाळून तिचा पातळ लेप दिलेला असतो. भट्टी एकच, पण तीन टप्प्यांत, आधी हवा खेळती ठेवून सगळं लाल होऊ द्यायचं, मग हवा कोंडून ओली लाकडं टाकून धुरात सगळं काळं करायचं, आणि मग परत हवा सोडायची, तेव्हा भांड्याची माती पुन्हा लाल होते पण लेप दिलेला भाग काचेसारखा बंद झालेला असतो तो काळाच राहतो. ९०० डिग्रीच्या आसपासचा हा खेळ थर्मामीटरशिवाय, ज्वाळेच्या रंगावरून. आमच्याकडं कुंभाराची भट्टी बघितलेली असल्यामुळं मला हे ऐकताना त्या माणसांबद्दल फार आदर वाटला, क्लासमधल्या इतरांना कदाचित तेवढं जाणवलं नसेल.

आणि ही भांडी शोकेसमध्ये ठेवायची नव्हतीच. पुरुषांच्या बैठकीत, सिम्पोझियममध्ये, क्रेटरमध्ये वाइन आणि पाणी मिसळायचं आणि कायलिक्समधून, म्हणजे पसरट प्याल्यातून, प्यायचं, दिव्याच्या उजेडात, कलंडून बसून. घरच्या बायकांना तिथं जागा नव्हती. म्हणजे ही चित्रं कोण बघणार हे काढणाऱ्याला पक्कं माहीत होतं. पण अथेन्समध्ये बनलेली यातली कितीतरी धड भांडी सापडली ती इटलीत, एट्रुस्कन (रोमच्या आधीच्या इटलीतल्या) लोकांच्या थडग्यांत, म्हणून १८ व्या शतकात ती एट्रुस्कनच समजली जायची. चित्रकार युफ्रोनिऑसचा प्रसिद्ध क्रेटर, ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडॉनचं शव उचलून नेतानाचा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं १९७२ मध्ये १० लाख डॉलरला घेतला आणि २००८ मध्ये इटलीला परत द्यावा लागला, कारण तो इटलीतल्या चेर्वेतेरीच्या थडग्यातून चोरून खणून काढलेला होता. भांडं परत आलं. पण त्या थडग्यात कोण होतं, तो क्रेटर कुणाच्या उशाशी होता, शेजारी काय ठेवलं होतं, ते खणतानाच गेलं, ते कुठलंही कोर्ट परत देऊ शकत नाही. मी यावर निबंध लिहिला आणि लिहिताना राग आला होता, तो निबंधात उतरलाही, ६८ मिळाले.

मग पार्थेनॉन, अथेन्सच्या टेकडीवरचं अथेना देवीचं देऊळ. आम्ही बसनं लंडनला जायचो, ब्रिटिश म्युझियमची १८ नंबरची खोली. तिथं त्या देवळाचा फ्रीझ, म्हणजे भिंतीवरचा कोरीव पट्टा, डोळ्यांसमोर येतो, घोड्याच्या पायाची शीरही दिसते, आणि आपल्याला वाटतं तो असाच बघायचा होता. मुळात तो जमिनीपासून १२ मीटरच्या आसपास उंचीवर, बाहेरच्या खांबांच्या आत, सावलीत होता, एकूण लांबी १६० मीटर. त्यात मिरवणूक आहे, घोडेस्वार, बळीची जनावरं, पाण्याच्या घागरी घेतलेली मुलं, आणि पूर्वेला एक घडी केलेलं कापड. बहुतेक अभ्यासक मानतात की ही पॅनाथेनिया उत्सवाची मिरवणूक आणि ते कापड म्हणजे देवी अथेनाचं नवं वस्त्र, पेप्लॉस. दुसरी मतंही आहेत, पण मला हे पटतं.

इथं मी एक चूक केली ती सांगते. मी कोल्हापूरची, नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो तो लहानपणापासून बघितलेला, त्यामुळं पेप्लॉस वाचल्यावर मला एकदम घरचं काहीतरी सापडल्यासारखं झालं आणि मी लिहून टाकलं की शिल्पकार फिडियासच्या सोन्या-हस्तिदंताच्या भव्य मूर्तीला हे वस्त्र नेसवत. बाईंनी खाली लिहिलं, कुठल्या अथेनाला? ते वस्त्र पार्थेनॉनमधल्या १२ मीटरच्या मूर्तीसाठी नव्हतंच. ते ऑलिव्हच्या लाकडाच्या एका जुन्या, लहान मूर्तीसाठी होतं, तीच खरी पुजेतली देवी. मग मला समजलं की आपल्या देवळाचा अनुभव इथं मदत करतो, मूर्तीला न्हाऊ घालतात, नेसवतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, तिथं आपण वर्गातल्या इतरांच्या पुढं असतो, पण त्याच अनुभवाच्या जोरावर धावत सुटलं की चुकतो. आणि त्या भव्य मूर्तीच्या मागचे पैसे? इ.स.पू. ४५४ मध्ये मित्रराज्यांचा एकत्र खजिना डेलॉसहून अथेन्सला हलवला, आणि ४४७ ला पार्थेनॉनचं काम सुरू झालं. लोकशाहीचं देऊळ म्हणून मी ते शाळेत शिकवलं होतं. ज्या बेटांवरून दरवर्षी वर्गणी उचलली जायची त्यांना ते कसं दिसत असेल हा विचार आता मला सोडत नाही.

रोमबद्दल थोडक्यातच लिहिते. सुरुवातीला ग्रीकांच्या कॉप्या म्हणून मी रोम बाजूला सारलं होतं, मग कळलं की मोठ्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपलेले असायचे आणि अंत्ययात्रेत माणसं ते चेहऱ्याला लावून चालायची, त्यानंतर सुरकुत्यांचे ते म्हातारे संगमरवरी चेहरे मला वेगळेच दिसायला लागले. आणि पहिला रोमन सम्राट ऑगस्टस ७५ व्या वर्षी वारला तरी पुतळ्यात शेवटपर्यंत तरुण, यात किती राजकारण आहे ते परीक्षेत नेमकं विचारलं होतं.

दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सहा दिवस अथेन्सला गेलो. मला तिथं एकच गोष्ट बघायची होती. फ्रासिक्लेया. साधारण इ.स.पू. ५४० चा मुलीचा पुतळा, १९७२ मध्ये मेरेंडा गावाजवळ जमिनीत खड्ड्यात सापडला, शेजारी एक तरुणाचा पुतळा, दोन्ही कुणीतरी जपून पुरून ठेवलेले. पुरलेला राहिल्यामुळं तिच्या वस्त्रावरचा लाल रंग अजून आहे, फुलांची नक्षी आहे, डोक्यावर कळ्या-फुलांचा मुकुट, हातात कमळाची कळी. मी पाच वर्षं पांढरं डोकं शेड केलं होतं. १७६४ पासून जर्मन कला-इतिहासकार विंकेलमनच्या पुस्तकानं युरोपला पांढऱ्या संगमरवराची गोडी लावली, ती एवढी की ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ ला पार्थेनॉनचे दगड तांब्याच्या हत्यारांनी घासून आणखी पांढरे केले. त्या गोडीतूनच आमच्या खिडकीजवळचं ते स्टूल आलेलं होतं.

तिचा चबुतरा गावातल्या चर्चच्या बांधकामात आधीपासून होता, आता तो तिच्यासोबत आहे. गिरवलेली अक्षरं इथं कामाला आली. एक-एक अक्षर लावत मी वाचलं, सेमा फ्रासिक्लेयास, फ्रासिक्लेयाची खूण. पुढचा अर्थ असा की मला कायम मुलगीच म्हटलं जाईल, लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं. एका बाजूला घडवणाऱ्याचं नाव, पारोसचा आरिस्टिऑन. त्या काळात वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं, म्हणजे रस्त्यानं जाणारा कुणीही तिथं थांबला की त्याच्या तोंडून ती मी म्हणून बोलायची. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, तिनं विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं, आणि आम्ही दोघी बराच वेळ तिथंच बसलो. मी स्केच काढलं आणि मुलीच्या कंपासमधली लाल पेन्सिल घेऊन वस्त्र लाल केलं.

परीक्षा झाल्या, आता प्रबंध राहिलाय. मागच्या दिवाळीत कोल्हापूरला गेले तेव्हा टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीचा पोसायडन परत बघितला. शाळेच्या ट्रिपला मुलांना घेऊन तीनदा त्याच्यासमोरून गेलेय मी. लहानसा ब्राँझचा ग्रीक समुद्रदेव, १९४४-४५ च्या आसपास पंचगंगेकाठच्या टेकाडात ब्राँझच्या वस्तूंच्या साठ्यात सापडला, रोमन काळात भूमध्य समुद्राकडून इतक्या लांब आलेला. माझा प्रबंध त्याच्यावर आहे. वहीत त्याच्या चित्राखाली तेच पाच प्रश्न लिहिलेत. कशाचा आणि कुठं सापडला, या दोन्हींपुढं उत्तर आहे. बाकी तीन जागा सोडून ठेवल्यात, आणि सध्या रोज रात्री मी त्यातल्या शेवटच्या जागेवर बसलेली असते, सातवाहन काळातल्या कुठल्या घरात कुणीतरी त्याला बाहेर काढून ठेवायचं तेव्हा त्याला काय म्हणत असेल, कुठं ठेवत असेल, हात जोडत असेल का.