३० जुलै २००७: बर्गमन आणि अँतोनियोनी

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन स्वीडनच्या फॉरो बेटावर वारला, ८९ व्या वर्षी. इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अँतोनियोनी त्याच दिवशी रोममध्ये, ९४ व्या वर्षी. दोघांचं नाव एका दमात घ्यायची सवय तेव्हापासून लागली. खरं तर कॅमेऱ्याशी दोघांचं नातं अगदी वेगळं.

बर्गमन चेहऱ्याजवळ जातो. १९६६ च्या 'पर्सोना'त एकच लांबलचक संवाद दोनदा येतो, आधी ऐकणारीच्या चेहऱ्यावर, मग बोलणारीच्या. शेवटी दोन अर्धे चेहरे जोडून एक होतो.

अँतोनियोनी मात्र माणसाला सोडून निघून जातो. १९७५ च्या 'द पॅसेंजर'मधला शेवटाजवळचा सुमारे सात मिनिटांचा शॉट बघा. कॅमेरा खोलीतून खिडकीच्या गजांमधून बाहेर पडतो, चौकात फिरतो आणि वळून त्याच खिडकीकडे बघतो. आत कॅमेरा छताला लावलेल्या रुळावरून सरकत होता. गज बिजागरीवर होते. ते फ्रेमच्या बाहेर गेले की बाजूला उघडायचे. मग बाहेरच्या उंच क्रेनच्या हुकात कॅमेरा अडकवायचा. अडचणी दोन: हा बदल होताना बसणारा हिसका आणि वारा. त्यासाठी कॅमेऱ्यावर जायरोस्कोप, म्हणजे त्याला स्थिर ठेवणाऱ्या फिरत्या चकत्या, बसवले. शिवाय खोली अंधारी, चौक लख्ख, आणि एकाच शॉटमध्ये दोन्ही. म्हणून चित्रीकरण संध्याकाळी, उजेडातला फरक कमी असताना. इतकी खटपट कशासाठी, तर नायकाचा मृत्यू न दाखवण्यासाठी!

१९८५ मध्ये पक्षाघाताने अँतोनियोनीची वाचा जवळजवळ गेली. तरी १९९५ मध्ये जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या साथीने त्याने आणखी एक चित्रपट केला.