आमची वाटचाल: कमी रनिंगची गाडी आणि तिचा भाव

2008 मध्ये मी आणि माझ्या चुलतभावाने नागपूरला अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे गॅरेजची शेड टाकली. एक रॅम्प, एक कॉम्प्रेसर, बस. तेव्हा यायच्या त्या सगळ्या अल्टो, इंडिका, सँट्रो. मग वॉरंटी संपलेल्या स्कोडा, फोक्सवॅगनवाले यायला लागले, त्यांच्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर घेतला, आणि हळूहळू लोक गाडी घ्यायच्या आधीच आणून म्हणायचे, भाऊ जरा बघून द्या ना. आधी फुकट बघायचो, आता त्याचे पैसे घेतो आणि खरं सांगायचं तर आज शेड त्याच्यावरच चालून राहिली आहे.

या कामात सगळ्यात जास्त वाद होतो तो जुन्या फास्ट गाड्यांवर. फियाटची पालिओ 1.6, स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस, लॉरा, फियाटचीच अबार्थ पुंटो. विकणारा म्हणतो फक्त 28 हजार चालली आहे, म्हणून भाव डबल. काहून डबल?

धरमपेठेतल्या एका बंगल्यातली 2006 ची ऑक्टाव्हिया आरएस आली होती, रनिंग तेवढीच, आतून एकदम चकाचक, सीटवर बसलं की नवी वाटावी. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, तिथे लिहिलेलं 2306, म्हणजे गाडीसोबत आलेलेच टायर. तिच्या 1.8 टर्बो इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, तो किलोमीटरवर बदलतात तसा वर्षांवरही बदलावा लागतो, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतंच, आणि चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडून इंजिनचं हेड उघडायचं काम निघतं. बेल्ट बदलल्याचं एकही बिल नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, ते काळं झालेलं, टर्बोचे होज म्हणजे रबरी पाइप चिरलेले, टाकीतल्या पेट्रोलला शिळा वास. त्यात आपलं नागपूर, मे महिन्यात पारा 45 च्या वर, टिनाच्या शेडखाली वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या सस्पेन्शनमधल्या रबरी बुशचं आणि दरवाज्याच्या रबरांचं काय होत असेल! आरसीची 15 वर्षं 2021 लाच संपलेली, म्हणजे फिटनेस, पर्यावरण कर, उशिराचा दंड, हे सगळं घेणाऱ्याच्या डोक्यावर.

त्याच सुमारास अमरावतीच्या एका डॉक्टरांची त्याच मॉडेलची गाडी आली, 1 लाख 40 हजार चाललेली, मागितलेला भाव निम्म्याहून कमी. बोनेटवर दगडाचे टिपके, स्टिअरिंगचं लेदर घासलेलं, पण सोबत जाडजूड फाईल: बेल्ट आणि वॉटर पंप दोनदा, टर्बो रिपेअर, क्लच, आरसी रिन्यू केलेली. आमच्या गिऱ्हाइकाला आम्ही हीच घे म्हटलं. त्याने घेतली, आता समृद्धीवर पळवून राहिला (स्पीड विचारू नका).

आणि मीटरवर विश्वास तरी किती ठेवायचा? किलोमीटर मागे करणारे आजही बसलेले आहेत. आम्ही सर्व्हिसची बिलं आणि स्कॅनरवर दिसणारा डेटा जुळवतो, पेडलचं रबर बघतो. 28 हजारांत ब्रेक पेडल गुळगुळीत होत नसते.

पण कमी रनिंगला काहीच किंमत नाही असंही मी म्हणत नाही. फोक्सवॅगनची पोलो जीटीआय घ्या, 2016 मध्ये भारतासाठी 99 च गाड्या, भाव 25.99 लाख, पुढच्या वर्षी कंपनीने तो 19.99 वर आणला. 2020 ची ऑक्टाव्हिया आरएस 245 तर 200 च होत्या, 35.99 लाखांना. अशा गाडीची सगळी बिलं असतील, रंग ओरिजिनल असेल, मालक दर पंधरवड्याला नीट गरम होईपर्यंत फिरवत असेल, तर संग्रहात ठेवणाऱ्याने जास्त पैसे द्यावेत, माझी ना नाही. फक्त ती चालवायला घेऊ नये. कमी रनिंगसाठी जे एक्स्ट्रा मोजले ते तुम्ही वर्धा रोडला दोन-चार वर्षं ऑफिसला नेली की गेलेच, वर मेंटेनन्सचा खर्च भल्ली निघते तो वेगळाच.

म्हणून आमच्याकडे हिशेब सरळ आहे. आधी त्या मॉडेलचा चालू भाव धरायचा, त्यातून टायर, बेल्ट, होज, बुश, ऑइलं आणि कागदपत्रांचा खर्च वजा करायचा आणि मगच रनिंगचं बोलायचं. विकणारे चिडतात, काही उठून जातात, जाऊ द्या.

गाडी दाखवायची असेल तर फाईल आणा आणि जमलं तर आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे सोडा, कारण सकाळी थंड इंजिन आम्हाला स्वतः स्टार्ट करायचं असतं. घरून गरम करून आणलेली गाडी आम्ही त्या दिवशी बघत नाही.