बनगरवाडीचं पदक: दोन फसली, तिसरं गळ्यात

व्यंकटेश माडगूळकरांच्या धनगरवाडीवरच्या 'बनगरवाडी' कादंबरीवरून मी गळ्यातलं पदक करतेय, आत काळी लोकर घालून. मागच्या खेपेला ती यूव्ही उजेडाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये ओतून दिव्याखाली ठेवली होती, त्याचा निकाल आधी सांगून टाकते. फसलं. वरून कडक, पण मागून नख दाबलं तर आत चिकट लगदा. दिवा वाढवून उपयोग नव्हताच, काळ्या लोकरीच्या पुंजक्याखाली उजेड पोचणार कसा?

मग दोन भाग मिसळले की उजेडाशिवाय घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन घेतलं. लोकर हवा धरून ठेवते, म्हणून ती आधी रेझिनमध्येच बुडवून, काडीने दाबून बुडबुडे काढले आणि मग साच्यात बसवली. हे जमलं. एकही बुडबुडा नाही. पण हातात घेतलं तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरणीतला नमुना! माडगूळकर एक विशेषण जास्तीचं वापरत नाहीत, आणि मी त्यांच्या धनगरांवर चकचकीत काच ओतत बसले होते. ते पदक आता किल्ल्यांच्या जुडग्याला लावलंय.

तिसऱ्या वेळी सरळ ताईत केला. कादंबरीत दुष्काळाने वाडी उठते, लोक गाव सोडतात, तेव्हा माणूस अंगावर वागवेल तेवढीच वस्तू, असं डोक्यात होतं. पितळी नळी, बाहेरून ८ मिमी, लांबी ३० मिमी. एका टोकाला चकती आणि वर दोन कड्या, दोन्हींना टाकणखार (बोरॅक्स) लावून डाख दिला, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधलं. दुसऱ्या टोकाला घट्ट बसणारं टोपण. लोकर डाख झाल्यावरच भरायची, नाहीतर जळक्या केसांचा वास घरभर (विचारू नका). काळवंडलेलं पितळ चिंच-मिठाने घासलं, पॉलिश मुद्दाम केलं नाही.

आत आजोबांच्या घोंगड्याच्या दशांमधली लोकर आणि पाटीवरच्या पेन्सिलीचा गव्हाएवढा तुकडा, कादंबरीतल्या शाळामास्तरांसाठी. लोकर गच्च भरली तर पेन्सिल गप्प बसते. निम्मी काढली. आता कानाजवळ हलवलं की बारीक खुळखुळ ऐकू येते, आणि तेवढ्यासाठी मी दिवसभर मान हलवत असते.

खरा छळ ताईत गळ्यात अडकवायच्या गोफाने केला. घोंगड्याचं सूत हाताने कातलेलं, एकेरी. ओढलं की तुटतं. शेवटी वातीसारखे दोन-दोन पदर मांडीवर वळून घेतले आणि त्यांचा चौपदरी गोफ विणला. दिसायला झकास, पण तासाभरात मानेवर लाल चट्टे. घोंगडं टोचतं हे लहानपणापासून माहीत असून मी तेच गळ्यात घातलं! मानेमागचा चार इंचांचा भाग काळ्या सुती दोऱ्याने गुंडाळलाय, आता सुसह्य आहे. कुणाकडे जावळाची लोकर असेल तर तीच वापरा, कोकराची पहिली कातरण खूप मऊ असते.

पुढचं काम कादंबरीतल्या शेकूच्या बायकोसाठी, बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली मान देणारी ती. पितळी पट्टीचं छोटं जू कापून झालंय. शिवळा (जुवाच्या भोकांत बसणाऱ्या, मानेच्या दोन्ही बाजूंच्या काड्या) मात्र १ मिमी तारेच्या केल्यात आणि डाख देताना दरवेळी एक तरी वाकडी होते. तार जाड घ्यावी की भोकं खोल करावीत? कुणी असलं बारीक काम केलं असेल तर सांगा.