मेळ्यातला फोटो वेगळा, मोबाईलवरचा वेगळा

शुक्रवार, रात्री उशिरा

उद्यापासून क्राफ्ट फेअर आहे आणि आत्ता खोलीत पाय ठेवायला जागा नाहीये. माझे फोटो छापलेले सगळे कॅनव्हास भिंतीला टेकवून उभे केलेत, तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मधे पुठ्ठा. नुसते एकामागे एक रचले की एकाच्या लाकडी फ्रेमचा कोपरा दुसऱ्याच्या बरोबर आकाशात जाऊन रुततो (फोटोतल्या आकाशात म्हणतेय) आणि पोचा पडतो. सुती कॅनव्हास असेल तर मागून पाण्याचा अगदी हलका फवारा मारून वाळू दिला की पोचा बराचसा निघतो, पॉलिस्टरला ही युक्ती चालत नाही, त्यामुळे पुठ्ठाच बरा.

काय न्यायचं हे ठरवण्यातच संध्याकाळ गेली. माझ्या ऑनलाइन दुकानात सगळ्यात जास्त जाते ती धुक्यातली होडी. मोठ्ठं रिकामं पाणी, रिकामं आकाश आणि मधे एक काळा ठिपका, बस. आणि हीच होडी फेअरला जागची हलत नाही, लोक तिच्यासमोरून जातात पण नजरसुद्धा टाकत नाहीत. उलट ते जुनं दार, निळा रंग उडालेला, पोपडे सुटलेत, खालचा हिरवट थर दिसतोय, त्याच्यावर ऑनलाइन कोणी क्लिकही करत नाही आणि स्टॉलवर मात्र हात लावून बघायला येतात.

आधी वाटायचं हे नशिबाचं काम आहे, कुठे काय चालेल सांगता येत नाही वगैरे. पण आता मला त्यात तसं काही गूढ दिसत नाही. मोबाईलवर फोटो दोन बोटांएवढा दिसतो, तिथे फक्त आकार वाचता येतो, होडी वाचता येते, दाराचा नुसता निळा चौकोन होतो. स्टॉलवर माणूस दहा पावलांवरून रंग बघून थांबतो आणि मग हातभर अंतरावर येऊन नाक लावून बघतो, आणि त्या दुसऱ्या बघण्यात काहीतरी सापडलं पाहिजे, पोपडा, खिळा, गंज, साल, काहीही. होडीजवळ नाक नेलं तर काय सापडणार, कॅनव्हासची वीण! धुक्यासारखा गुळगुळीत भाग त्या विणीवर तसाही थोडा फुटतोच. दाराला मात्र तीच वीण फायद्याची, रंगाचा खरखरीतपणा आणि कापडाचा खरखरीतपणा एकमेकांत मिसळून जातात.

तर ठरलं, दार मोठं, झाडाची साल मोठी, होडी फक्त छोट्या साइजमध्ये खाली चाळायच्या खोक्यात. फोटो तेच असले तरी ही दोन वेगळ्या दुकानांची खरेदी आहे असं समजून चालायचं.

शनिवार

पाय गेलेत पण लिहूनच झोपते, नाहीतर उद्या सगळं एकात एक मिसळेल.

सकाळी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या आधी वर बघितलं. दिवे पांढरे पण मेलेले, असे दिवे की ज्यांच्याखाली लाल रंग विटकरी दिसतो. मॅट कॅनव्हासवर काळा तसाही ग्लॉसी कागदाइतका खोल जात नाही, त्यात असा उजेड असला की रात्रीच्या फोटोतल्या सावल्या सगळ्या एकच डाग होऊन बसतात. म्हणून प्रिंटला पाठवायच्या आधी मी सावल्या थोड्या उघडून देते, स्क्रीनवर ते जरा फिकट वाटतं पण स्क्रीन स्वतः उजेड टाकते आणि कापड टाकत नाही. ज्यांचे प्रिंट नेहमी काळपट येतात त्यांनी लॅबला दोष द्यायच्या आधी स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणून बघावा. शिवाय क्लिपवाले एलईडी घेऊन गेले होते, चांगल्या सीआरआयचे, म्हणजे ज्यांच्या उजेडात रंग खरे दिसतात असे, शंभरपैकी ९० च्या वरचे. ते लावल्यावर दारातला निळा एकदम जागा झाला, शेजारच्या स्टॉलवरच्या मातीच्या भांड्यांवाल्या काकू म्हणाल्या, अगं आत्तापर्यंत हे मला करडंच वाटत होतं.

टांगायची उंची हाही वादाचा विषय. गॅलऱ्यांमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांच्या आसपास ठेवतात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास. स्टॉलवर मी मोठे पीस तसेच लावते आणि बाकीचे जागा मिळेल तिथे, कारण स्टॉल म्हणजे काही गॅलरी नाही, पण सगळंच खचाखच भरलं की कुणाचीच नजर कशावर ठरत नाही. आज दुपारी दोन कॅनव्हास काढून मागे ठेवले आणि खरंच सांगते, त्यानंतर जास्त लोक थांबले.

प्रश्न नेहमीचेच. "ताई, हे पेंटिंग आहे का?" हा पहिला. फोटो आहे म्हटलं की निम्म्या लोकांचा चेहरा किंचित उतरतो, मला आता त्याचं काही वाटत नाही. दुसरा, कुठला कॅमेरा. तिसरा प्रश्न असा नसतोच, तो शेरा असतो आणि तो बायकोला किंवा मित्राला ऐकवायचा असतो, "हे काय, आपण पण काढू शकतो." काढा की! मी हसते. खरं तर मोबाईलच्या फोटोचाही चांगला कॅनव्हास होतो, १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, तो २४ बाय १८ इंचावर छापला तरी इंचाला १६६ पिक्सेल पडतात आणि कॅनव्हासला दीडशे पुरतात, कागदासारखे तीनशे लागत नाहीत कारण वीण बारीक तपशील तशीही खाऊन टाकते. फक्त तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला नसावा. एका काकांना हे सगळं समजावलं, ते खूश होऊन स्वतःचा फोटो छापायला निघून गेले, माझ्याकडून काही घेतलं नाही. असो.

पण आजची खरी गोष्ट म्हणजे टेप. मी साधी मोजायची टेप टेबलावर ठेवली होती, मुद्दाम दिसेल अशी. लोकांना फोटो आवडतो की नाही हे त्यांना एका मिनिटात कळलेलं असतं, अडतं ते "आमच्याकडे मावेल का" यावर, आणि हे कोणी बोलून दाखवत नाही, "बघतो, येतो परत" म्हणतात आणि जातात. म्हणून आता मीच विचारते, भिंत कुठली, खाली काय आहे, सोफा किती लांब. सोफ्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश ते पाऊण इतकं चित्र असलं की डोळ्याला बरं वाटतं असा एक ठोकताळा आहे, आणि बहुतेक लोक त्याच्या निम्म्याने लहान घ्यायला निघालेले असतात. एका बाईंनी घरी फोन लावला, पलीकडून कोणीतरी सोफा मोजला, ८४ इंच. मग १६ बाय २४ चं दार हातात धरून उभ्या होत्या त्यांनी ते परत ठेवलं आणि ४० बाय ६० ची ऑर्डर दिली. त्या साइजला फाइल पुरेल का हे मी आधी बघून घेतलं, २४ मेगापिक्सेलची आहे, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल, दारासारख्या खरखरीत फोटोला दोन पावलांवरून चालून जाईल पण कोणाचा चेहरा असता तर मी नाही म्हटलं असतं. त्यांना तसं सांगितलंही. आणि एवढ्या मोठ्या फ्रेमला मागून आडवी पट्टी लागते, नाहीतर लाकूड आत वाकतं.

एका गृहस्थांनी शंभर वर्षं रंग टिकेल का म्हणून विचारलं, कुठेतरी जाहिरातीत वाचलं असणार. हा प्रश्न मला आवडतो. १९९० च्या दशकात आर्ट प्रिंट आयरिस प्रिंटरवर निघायच्या, तो प्रिंटर मुळात छपाईखान्यांसाठी प्रूफ काढायचा, त्याची शाई डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, आणि सुरुवातीच्या कित्येक प्रिंट काही वर्षांतच उडाल्या. नंतर पिगमेंट शाई, म्हणजे रंगाच्या न विरघळणाऱ्या बारीक कणांची, आली आणि चित्रच बदललं. पण ते शंभर वर्षांचे आकडे प्रयोगशाळेत जोरदार उजेड मारून काढलेले अंदाज असतात, प्रिंट किती टिकतात हे तपासणाऱ्या विल्हेल्म इमेजिंग रिसर्चचे आकडे घ्या, त्यात दिवसाला १२ तास ४५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड धरलेला असतो. थेट ऊन लाखभर लक्सपर्यंत जातं! म्हणजे खिडकीसमोर उन्हात लावलं तर ती शंभर वर्षं विसरा. मी म्हटलं, पिगमेंट शाई आहे, वरून यूव्ही वार्निश आहे, आडोशाच्या भिंतीवर लावा, तुम्ही कंटाळाल पण रंग नाही कंटाळणार. घेतलं त्यांनी. छोटंच घेतलं, पण घेतलं.

रविवार

आज गर्दी जास्त आणि विक्री कमी, म्हणजे रकमेने कमी. खोक्यातल्या छोट्या प्रिंट आणि कार्डं जात राहिली. मोठा कॅनव्हास लोकांना थांबवतो आणि छोटं कार्ड पैसे देतं, हे आता मान्यच केलंय, मोठे पीस न नेता नुसती कार्डं मांडली तर कार्डंही जाणार नाहीत.

घासाघीस झालीच. मी एका पीसवर कमी करत नाही, दोन घेतले तर करते. एकाने विचारलं की फ्रेमवर ताणायचे एवढे कसले पैसे, तर मी कॅनव्हास उलटा करून दाखवला. कोपऱ्यातली घडी, स्टेपलची रांग, प्रत्येक बाजूच्या मधून सुरू करून समोरासमोर ताणत कोपऱ्याकडे जायचं, एका कोपऱ्यापासून सुरू केलं की तिरकी सुरकुती पडते. मागची बाजू दाखवली की बोलणं बदलतं हे बघितलंय मी. स्वस्तातल्या कॅनव्हासची पाठ कोणी दाखवत नाही.

शेजारच्या भांड्यांवाल्या काकूंनी जाताना होडीचं छोटं कार्ड घेतलं. मी पैसे घेत नव्हते तर रागावल्या.

बुधवार

फेअरमध्ये क्यूआर कोडवरून गेलेले लोक आता ऑनलाइन दुकानात यायला लागलेत, आणि ते मागतायत दार. ज्यांनी कापड बघितलंय ते दार मागतात, ज्यांनी नाही बघितलं ते होडी! शुक्रवारी रात्री जे लिहिलं होतं ते बरोबरच निघालं म्हणायचं.

म्हणून आज लिस्टिंगमध्ये बदल केले. दाराचा पहिला फोटो पूर्ण दाराचा होता, तो काढून पोपड्यांचा अगदी जवळचा तिरका फोटो टाकला, कॅनव्हासचा कोपरा आणि जाडी दिसेल असा. दुसरा फोटो कॅनव्हास हातात धरलेला, कारण माणूस शेजारी असला की साइज आपोआप कळते. खोलीचे ते मॉकअप, म्हणजे तयार खोलीच्या चित्रात आपला फोटो चिकटवलेला, पांढरी भिंत, महागडा सोफा, मला त्यांचा राग येतो खरं तर, त्यातले सोफे कुठल्या मापाचे असतात कोण जाणे, १२ बाय १८ सुद्धा भिंतभर दिसतो आणि मग घरी खोकं उघडलं की "मोठं वाटलं होतं" म्हणून परत. एकच मॉकअप ठेवला आणि त्यावर इंच लिहिले.

कुरिअरचं गणित परत मांडलं. २४ बाय ३६ चा ताणलेला कॅनव्हास दोन-तीन किलोचा, पण खोकं १०० बाय ७० बाय ८ सेंटिमीटर, कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरून वजन धरतात, गुणाकार भागिले ५००० केला की ११.२ किलो, आणि पैसे घेतात त्या ११.२ चे. हवा पाठवतो आपण. म्हणून मोठ्या साइजला गुंडाळी करून नळीतून पाठवायचा पर्याय देते, छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचं म्हणजे शाईला तडे जात नाहीत, आणि ताणायचं काम तिथल्या फ्रेमवाल्याकडे. जे ताणून जातात त्यांच्या चित्रावर आधी पातळ गुळगुळीत कागद, मग बबल रॅप, कारण बबल थेट चित्राला लागला की उन्हात तापलेल्या गाडीत वार्निशवर गोल गोल ठसे उमटतात.

प्रिंट-ऑन-डिमांडवाल्यांकडे सगळं सोपवून दे, छापतील, पाठवतील, तू फक्त फोटो काढ, असं बरेच जण सांगतात. छोट्या साइजला ठीक आहे, तेही आधी स्वतःच्या नावाने एक मागवून बघितल्यावर. मोठे मी अजून स्वतःच तपासून पाठवते.

आत्ता एक मेसेज आलाय. झाडाची साल हवीये, पण १६ बाय २० मध्ये. फोटो तीनास दोनचा, म्हणजे १६ उंची धरली तर रुंदी २४, वीसमध्ये बसवायला सहावा हिस्सा कापावा लागेल, आणि डाव्या काठावरची ती मुंग्यांची रांग जाईल, जी या फोटोत मला सगळ्यात प्रिय आहे. शिवाय गॅलरी रॅप पाहिजे म्हणतायत, म्हणजे चारही बाजूंनी दीड दीड इंच चित्र कडेवर वळणार, उरल्यासुरल्या मुंग्या भिंतीकडे तोंड करून चालणार. मिरर एज केली, म्हणजे काठाजवळचं चित्र आरशासारखं उलटून कडेवर छापलं, तर समोरचं चित्र वाचतं पण कडेवर रांग उलटी फिरून येते, ते तर फारच विचित्र दिसेल.

त्यांना लिहिलंय की १६ बाय २४ घ्या, कडा साध्या गडद तपकिरी करून देते, आणि दोन्हीचे नमुने सोबत जोडलेत, कापलेला आणि न कापलेला. आणि भिंत किती रुंद आहे तेही विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही, टायपिंग टायपिंग दाखवतंय.